सिमेंटचा किल्ला

मुलीचे, यूम्नाचे पासपोर्ट साइजचे फोटो आणायला शाजिया कामोठ्याच्या त्या नव्या स्टुडिओत शिरली तेव्हा तिच्या डोक्यात संध्याकाळच्या बॅचला शिकवायची समीकरणं होती आणि घरी अब्बांसाठी भिजत घातलेले तांदूळ. काउंटरवरची बाई पाकिटांच्या गठ्ठ्यात नाव शोधत होती. समोरच्या भिंतीवर एक भलामोठा फोटो लावला होता. लग्न ठरलेलं जोडपं, ती लाल पायघोळ झग्यात, तो कोट घालून, दोघंही कुठेतरी लांब बघत उभी. शाजिया आधी त्या मुलीच्या झग्याकडेच बघत राहिली, त्याचं टोक काट्यात अडकल्यासारखं दिसत होतं. मग नजर वर गेली. मागे एक गोल बुरूज होता, अर्धा ढासळलेला, माथ्यावरच्या चर्यांची दातेरी रांग मधले दात पडल्यासारखी, आणि एका फटीतून उगवलेलं पिंपळाचं रोप. ओळख डोळ्यांना पटायच्या आधी तिच्या तळपायांना पटली. उन्हाने तापलेल्या सिमेंटवर अनवाणी उभं राहिल्यावर लागतो तसा चटका खालून वर चढत गेला आणि ती नकळत मागे सरली.

"छान लोकेशन आहे ना, मॅडम?" बाई म्हणाली. "करंजाड्याच्या पुढे आहे. पोर्तुगीजांचा किल्ला आहे म्हणतात."

शाजियाने मान हलवली, पाकीट घेतलं आणि बाहेर पडली. पोर्तुगीजांचा. तो किल्ला तिच्यापेक्षा वयाने लहान होता. त्याच्या विटा आलेल्या तिने पाहिल्या होत्या, त्याच्या ओल्या भिंतीवर बोट टेकवल्याबद्दल बोलणी खाल्ली होती. तिच्या बापाने तो बांधला होता, आणि आता तो बाप तिच्याच घरी चौथ्या मजल्यावर खिडकीपाशी खुर्ची टाकून बसलेला असेल, नाहीतर डावा पाय जरासा ओढत आतबाहेर करत असेल. अम्मी गेल्यापासून ते तिच्याकडे होते. नवरा मस्कतला, मुलगी अभ्यासात, आणि अब्बा मितभाषी. घरात दिवसभर शिकवणीच्या पोरांचाच काय तो आवाज. किल्ल्याचं नाव मात्र त्या घरात कोणी काढत नसे. तसं ठरवलं कोणीच नव्हतं. दोन हजार पाच सालच्या जुलैतल्या पुरात त्याची समोरची भिंत पडली, अब्बा एकदा जाऊन बघून आले, चपला दाराबाहेर काढून कितीतरी वेळ धूत बसले, आणि तेव्हापासून तो विषय घरातून गेला तो गेलाच.

गेल्या आठवड्यात शहजादने तो पुन्हा आणला होता. तिचा हा धाकटा भाऊ. पनवेलला टाइल्सचं दुकान चालवायचा. करंजाड्याचे नवे सेक्टर आता त्या जागेच्या कुंपणाला येऊन भिडले होते, एक बिल्डर जागा घ्यायला तयार होता, अब्बांची सही तेवढी हवी होती आणि जागा रिकामी करून हवी होती. राखणीला ठेवलेल्या मंगळ्याची बायको गोदा अजून तिथेच राहत होती. मंगळ्या मरून गेला होता, पण ती पोराबाळांसह एका बुरुजात तशीच होती. "तू सांग तिला, आपा," शहजाद म्हणाला होता. "मी गेलो तर रडारड होईल. तुझं ऐकेल ती." शहजाद वाईट माणूस नव्हता. त्याला अवघड बोलणी जमत नसत, ती लहानपणापासून शाजियाच्या वाट्याला येत. तिने बघते म्हटलं होतं आणि बघायचं टाळलं होतं. रिक्षा, क्लासच्या पाट्या, भाजीच्या गाड्या यांच्यामधून घराकडे चालताना तिला वाटलं, आपण गोदाला टाळत नव्हतोच. आपण त्या जागेला टाळत होतो.

अब्बा कुवेतला प्लास्टरच्या नक्षीचं काम करायचे. शेखांच्या दिवाणखान्यांच्या छतांवर वेली, कमानींवर फुलं, खांबांच्या डोक्यावर पानं. सुट्टीवर आले की त्यांच्या बोटांच्या पेरांना भेगा असायच्या आणि अम्मी त्यांना खोबरेल चोळायची. अशाच एका सुट्टीत त्यांनी मोहल्ल्यातल्या घरी जाहीर केलं की खाडीकडे उतरणाऱ्या टेकाडावरच्या आपल्या पडीक जमिनीत ते किल्ला बांधणार आहेत. घर बांध, म्हणाले लोक. चाळ बांध, भाडं येईल. अब्बांनी किल्लाच बांधला. दोन सुट्ट्या लागल्या. विटांची भिंत, दोन्ही टोकांना दोन बुरूज, मधे कमानीचा दरवाजा. ओल्या गिलाव्यावर थापीच्या टोकाने रेघा मारून त्यांनी घडीव दगड काढले, दरवाज्यावर सिमेंटचेच खिळे बसवले. बुरुजांना निमुळत्या खिडक्या होत्या, पण त्या नुसत्या रंगवलेल्या. काळ्या रंगाच्या आत पिवळी रेघ, जणू आत दिवा लागलाय. दारापुढे खंदक, त्यावर पूल, आणि पुलाच्या तोंडाशी एक सिंह. किल्ल्याच्या आत काही नव्हतं. दार ओलांडलं की पलीकडे गवत, आणि गवताच्या पलीकडे खाडीचा चिखल. काही वर्षं त्याचं फार कौतुक झालं. उरणकडे जाणाऱ्या गाड्या तिथे वेग कमी करत, रविवारी माणसं डबे घेऊन येत, एकदा केसांच्या तेलाच्या जाहिरातीचं शूटिंगसुद्धा झालं. लोक अब्बांच्या नावावरून त्याला बद्रूचा किल्ला म्हणत. कोणी प्रेमाने म्हणे, कोणी बोलण्याचा सूर जरा वाकडा करून.

पण शाजियाच्या मनात तो किल्ला म्हणजे हे काहीच नव्हतं. तो म्हणजे एक दुपार होती. किल्ला पुरा झाल्यावर अब्बांनी सगळ्या नातेवाइकांना बोलावलं होतं. अम्मीने तो तोवर पाहिला नव्हता, पुरा झाल्याशिवाय दाखवायचा नाही असा अब्बांचा हट्ट. टांग्यातून अम्मी उतरली. शाजियाचा हात तिच्या हातात होता, त्यामुळे जे झालं ते आधी तिला हातातच कळलं. अम्मीचा हात थरथरला. तिने वर पाहिलं. अम्मी त्या सिंहाकडे बघत होती. सिंहाचे गाल फुगलेले, डोळे जवळजवळ, आणि तोंड असं की डरकाळीपेक्षा जांभईच द्यायची असावी. अम्मीने ओढणीचा पदर तोंडाला लावला. मग पदरातून आवाज फुटला. ती हसायला लागली. हसत हसत पुलाच्या कठड्यावर बसली, डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, एकदा थांबली, दरवाज्यावरचे सिमेंटचे खिळे पाहिले आणि पुन्हा हसली. नातेवाईक एकमेकांकडे बघू लागले. कोणीतरी खाकरलं. शाजियाने अब्बांकडे पाहिलं तर ते कमानीखाली उभे होते, नवा शर्ट घालून, हात दोन्ही बाजूंना लोंबते, आणि चेहरा असा की तिला पुढे त्यासाठी कधी शब्द सापडला नाही. ते तसेच वळले आणि भिंतीच्या मागे निघून गेले. त्या दिवशी ते कोणाशी बोलले नाहीत, आणि सुट्टी संपायच्या आत कुवेतला परतले.

आठ वर्षांच्या मुलीने त्या दुपारचा जो अर्थ लावला तो तिने पुन्हा उघडून पाहिलाच नाही. माणूस आपलं सगळं पणाला लावून काहीतरी करतो आणि त्याच्या घरचं माणूस चारचौघांत त्याला हसतं. पुढे अम्मी आणि अब्बा यांच्यात जी शांतता असायची ती तिने त्याच दुपारच्या खाती टाकली. ती अम्मीशी कधी भांडली नाही, पण अम्मीच्या शेवटच्या आजारपणातही उशाशी बसलेल्या शाजियाला ते हसू आठवायचं आणि अम्मीचं अंग पुसता पुसता तिचा हात थबकायचा. तिने स्वतः मात्र कोणाला हसायचं नाही असं धरून ठेवलं. नवऱ्याने मस्कतहून आणलेले भयंकर भडक पडदे तिने काही न बोलता लावले. फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिलेल्या पोराकडे बघून सगळा वर्ग खिदळला तरी तिचा चेहरा हलत नसे. शाजिया मॅडम कधी हसत नाहीत, असं पोरं म्हणत. ती कडक आहे असा त्यांचा समज होता. आणि तिकडे किल्ला ढासळत होता. खाऱ्या वाऱ्याने गिलावा सुटला, आतल्या सळ्या गंजून फुगल्या, सिंहाचा जबडा एका पावसाळ्यात गळून पडला, अम्मी बसली होती तो पूल खचला. शाजिया त्याची ही खबर इतरांकडून ऐकायची आणि तिला वाटायचं, पडतोय ते बरंय. पूर्ण पडला की ती दुपारही जाईल.

जेवताना तिने अब्बांच्या ताटात भात वाढला आणि आपण बोलणार नव्हतो ते बोलून गेली. आपल्या किल्ल्याचा फोटो लागलाय म्हणाली, इथे खाली स्टुडिओत. अब्बांनी घास थांबवला. तिला वाटलं, आता ते उठून जातील.

"कुठला बुरूज?" त्यांनी विचारलं. "डावा की उजवा?"

"उजवा. अर्धा पडलाय. पोर्तुगीजांचा किल्ला आहे म्हणून सांगतात लोकांना."

अब्बांनी घास चावून संपवला. "पोर्तुगीजांचं प्लास्टर इतकं वाईट नसतं," ते म्हणाले. मग वाटीतलं सार प्यायले, वाटी खाली ठेवली आणि म्हणाले की उद्या जाऊन येऊ या, पाय बरा आहे. तिने शहजादचं सगळं सांगून टाकलं. बिल्डर, सही, गोदा. ते ऐकत होते की नाही ते कळलं नाही. उद्याच जाऊ, एवढंच पुन्हा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी यूम्ना शाळेत गेल्यावर ती दोघं रिक्षाने निघाली. खाडीपूल ओलांडला, करंजाड्याच्या अर्ध्या झालेल्या इमारती सुरू झाल्या, बांबूच्या परांच्या, हिरव्या जाळ्या, सिमेंटची धूळ. अब्बा दोन्ही बाजूंना बघत होते, मधेच एखाद्या कामाकडे बघून तोंडाने चक् करत होते. डांबर संपलं तिथून पुढे पायवाट. शाजियाने त्यांचा दंड धरला. टेकाड वाटत होतं त्याहून लहान निघालं, आणि किल्लाही. तिच्या मनात तो आकाशाला टेकलेला होता; इथे त्याचा शाबूत बुरूज शेजारच्या नव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हता. भिंतीची मधली जागा मोकळी पडली होती आणि तिथून सरळ खाडी दिसत होती. खंदकात टाकळा माजला होता. सिंहाच्या जागी एक चौथरा, त्यावर दोन पंजे. अब्बा त्या पंज्यांपाशी थांबले आणि शाजियाला वाटलं की आता आपल्याला काहीतरी बोललं पाहिजे, काहीतरी जे त्या दुपारी आठ वर्षांच्या मुलीने बोलायला हवं होतं. पण इतकी वर्षं आत राहून ते वाक्य बसून गेलं होतं, त्याला सुरुवात सापडेना.

अब्बाच बोलले. "इथे बसून तुझी अम्मी हसली होती. तुला आठवतं?"

"आठवतं," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच कोरडा लागला. "मला तुमच्यासाठी फार वाईट वाटलं होतं, अब्बा. अजून वाटतं."

त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. "वाईट का?"

"सगळ्यांच्या समोर. तुम्ही इतकं केलंत आणि ती..."

"बेटा," अब्बा म्हणाले, "तुझा भाऊ गेला होता ना. माज."

माज. तिच्या पाठचा, शहजादच्या आधीचा. तीन वर्षांचा होऊन तापाने गेला, अब्बा तेव्हा कुवेतला. त्याचा चेहरा शाजियाला आठवत नव्हता, त्याचे कानांवर वळणारे केस तेवढे आठवत होते. अब्बा चौथऱ्यावर हात टेकून सावकाश सांगत राहिले. तो गेल्यानंतर ते सुट्टीवर आले तेव्हा सकीना, म्हणजे अम्मी, सगळं करत होती, रांधत होती, वाढत होती, विचारलं तर उत्तर देत होती. पण तिच्या चेहऱ्यावर काही उमटतच नसे. पुढच्या सुट्टीतही तेच. त्यांनी तिला मुंबई दाखवली, समुद्र दाखवला. तेव्हा त्यांना वाटलं होतं, इतकं मोठं काहीतरी करावं की तिला मान वर करून बघावंच लागेल. शेखांना महाल बांधून देतो, तिला एक किल्ला. सिंह मात्र बिघडला. जाळीवर गिलावा बसेना, गाल फुगले. तो फोडून पुन्हा करायला घेतला होता. "मग लांब जाऊन पाहिला," ते म्हणाले, "तर तो तुझ्या अम्मीच्या मामूंसारखा दिसत होता. हुबेहूब. म्हटलं, राहू दे. सकीना ओळखेल."

शाजियाने चौथऱ्यावरच्या पंज्यांकडे पाहिलं.

"टांग्यातून उतरल्या उतरल्या ओळखलंन तिने."

"मग तुम्ही निघून का गेलात? भिंतीच्या मागे?"

"रडू आलं," अब्बा म्हणाले. "पाहुणे होते सगळे."

वाऱ्याने टाकळ्याची पानं हलली. शाजियाला आधी राग आला, आणि तो कोणावर ते ठरेना. तीस वर्षं ती ज्याच्या कडेकडेने चालली ती गोष्ट मुळी त्या जागी नव्हतीच, आणि हे तिला कोणी सांगितलं नाही, कारण ते सांगायला हवं असं कोणाला वाटलंच नाही. त्यांच्यातल्या त्या शांततेचं काय मग? ती भांडणाची नसेल तर कसली होती? कदाचित ती नुसती शांतता होती, दोन माणसांना एकमेकांचं पुरेसं कळल्यावर उरते तशी. मग सुट्टी संपायच्या आत ते परतले का होते? की अब्बांनीच इतक्या वर्षांत ती दुपार आपल्याला सोसेल अशी करून घेतली होती? अम्मीला विचारता आलं असतं. तिच्या उशाशी बसली होती तेव्हा विचारता आलं असतं. तिला अम्मीचा तो हात आठवला, थरथरलेला, आणि पहिल्यांदाच आठवलं की त्या हाताने तिची बोटं घट्ट दाबली होती. एखादी गंमत आपल्याबरोबर मुलीलाही दाखवावी तशी. हे खरंच घडलं होतं की आत्ता इथे उभं राहून तिचं मन ते घडवत होतं, ते तिला सांगता आलं नसतं.

शाबूत बुरुजातून गोदा बाहेर आली. तिने अब्बांना ओळखायला जरा वेळ घेतला, मग डोक्यावरून पदर ओढून घेत पुढे आली आणि बसायला आत बोलावलं. पोरं, रमेश आणि संजना, कामावर गेली होती, म्हणाली, नव्या बिल्डिंगीवर. बुरुजाच्या आत शाजिया कधी गेली नव्हती. एक दार आणि आत पोकळी एवढंच असायचं, शेळ्या शिरायच्या. आता तिथे सारवलेली जमीन होती, चूल होती, दोरीवर कपडे, कोनाड्यात एक कोंबडी बसलेली, भिंतीला धुराचा काळा पट्टा. आणि उजेड होता. अब्बा दारातच थांबून त्या उजेडाकडे बघत राहिले. त्यांनी रंगवलेल्या खिडकीच्या जागी खिडकी होती. चौकोनी, जरा वाकडी, कडेच्या विटा कशाबशा लिंपलेल्या, आणि तिच्यातून खाडीचं पाणी दिसत होतं.

गोदाचा चेहरा उतरला. "शेट, ती आमी फोडली," ती म्हणाली. "माझा म्हातारा होता तवा. धूर जात नव्हता, पोर खोकायची. तुमाला इचारायला पायजे होतं."

अब्बा पाय ओढत खिडकीपाशी गेले. खालून वर हात फिरवला. "वर काय घातलंय?"

"फळी हाय. सागाची. होडीची होती."

त्यांनी फळीला बोटाने वाजवून पाहिलं, कान लावला, विटांच्या सांध्यात नख घातलं. मग खिडकीतून हात बाहेर काढला, कोपरापर्यंत, आणि तसाच बाहेर ठेवला. शाजियाला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. "चांगलं काम आहे," ते म्हणाले. गोदाने चुलीवर चहा टाकला.

त्याच वेळी शहजादचा फोन आला. गोदाशी बोलणं झालं का, त्याने विचारलं. बिल्डरची माणसं सोमवारी तारेचं कुंपण घालायला येणार, त्याआधी जागा रिकामी हवी. शाजियाने गोदाकडे पाहिलं. ती पाठमोरी बसून कप पुसत होती, आणि तिच्या पाठीवरून कळत होतं की तिला सगळं ऐकू येतंय. कदाचित ती दोघं रिक्षातून उतरली तेव्हाच तिला कळलं होतं. शाजियाने फोनवर हात ठेवला आणि अब्बांना म्हणाली की शहजाद विचारतोय, जागा रिकामी कधी होईल, आणि मला हिला जा म्हणून सांगवणार नाही.

अब्बांनी फोन मागितला. त्यांना फोन नेहमी कानापासून जरा लांब धरायची सवय होती, त्यामुळे शहजादचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"शहजाद," ते म्हणाले, "जागा रिकामी नाही. लोक राहतात इथे."

तिकडून शहजादने बरंच काही समजावलं. अब्बांनी मधे तोडलं नाही. तो थांबल्यावर म्हणाले की बाकीची जमीन विकून टाक, सही देतो, त्याला ना नाही. हा बुरूज आणि भोवतालचं अंगण तेवढं त्यातून काढ. ते गोदाच्या नावाने कसं करायचं ते वकिलाला विचार.

पुढे तसंच झालं. सहज झालं नाही, शहजाद वर्षभर घुश्शात होता, पण झालं. उजवा बुरूज, भिंत, पंज्यांचा चौथरा सगळं एका सकाळी मशीनने सपाट केलं, आणि आज तिथे उभ्या असलेल्या इमारतींच्या आवाराची भिंत सरळ येता येता एके ठिकाणी विनाकारण वाकल्यासारखी दिसते. रमेशने त्या बुरुजाला पत्र्याची पडवी जोडली आहे.

पण त्या दिवशी यातलं काहीच झालेलं नव्हतं. फोन ठेवून अब्बा गोदाने पुढे सरकवलेल्या पाटावर बसले आणि बशीत ओतून चहा प्यायले. शाजियाला घरी जायची घाई करावीशी वाटली नाही. गोदा कोनाड्यातल्या कोंबडीला उगाच हाकलत होती.

"दुपारचं ऊन येतं का गं आत?" अब्बांनी तिला विचारलं.

"येतं की," गोदा म्हणाली. "दिवस कलला का पार चुलीपर्यंत येतं."

अब्बांनी बशी खाली ठेवली आणि भिंतीला पाठ टेकली. "मग थांबू या," ते म्हणाले. शाजिया त्यांच्या शेजारी सारवलेल्या जमिनीवर बसली, जरा वेळाने गोदाही चुलीपाशी टेकली, आणि तिघंही त्या खिडकीकडे बघत ऊन यायची वाट पाहत राहिली.